मडगावहून लष्करला

माझ्या पुस्तकांच्या कपाटात रेल्वेचे वेळापत्रक प्रवासवर्णनांच्या खणात ठेवलेले आहे. त्याच्या एका बाजूला विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहे आणि हा शेजार मी जाणूनबुजून घडविला आहे. पेणजवळच्या वरसईचे हे गरीब भिक्षुक बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने १८५७ साली पायी उत्तरेकडे निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा वृत्तांत १९०७ साली प्रसिद्ध झाला. वेळापत्रकात यातले काही नसते. नुसती गावांची नावे आणि त्यांच्यासमोर तास-मिनिटे. परंतु ज्याला ती नावे वाचता येतात त्याला त्या दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेत नद्या, घाट, पिके आणि बोली दिसू लागतात.

दूरच्या आगगाडीच्या प्रवासाची मला पहिल्यापासून आवड आहे, आणि वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावरही ती ओसरलेली नाही. गोव्यातून उत्तरेकडे जाण्यास आज अनेक मार्ग आहेत. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून समुद्राच्या कडेने जाणाऱ्या वेगवान गाड्या आहेत. दाबोळीच्या जोडीला मोपाचा विमानतळही झाला. शाळेतले तरुण सहकारी मला विचारतात, “सर, दिल्ली अडीच तासांवर आली असताना तुम्ही अजून दोन रात्री गाडीत कशासाठी काढता?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र एका वाक्यात देण्याजोगे नाही, म्हणून हा लेख.

मी ज्या गाडीविषयी सांगणार आहे ती वास्को ते हजरत निजामुद्दीन धावणारी गोवा एक्सप्रेस. ही गाडी कोकण रेल्वेने न जाता जुन्या वाटेने, म्हणजे दूधसागरचा घाट चढून बेळगाव, मिरज, सातारा, पुणे, दौंड, मनमाड, भुसावळ, खांडवा, इटारसी, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर अशी जाते. नकाशावर या वाटेने बोट फिरवून पाहावे. गोवा, बेळगाव सीमाभाग, देश, खानदेश, बुऱ्हाणपूर, झाशी, ग्वाल्हेर. मराठी माणूस जेथे जेथे जाऊन राहिला त्यांतील कितीतरी ठिकाणे एकाच दोऱ्यात ओवल्यासारखी येतात. माझी थोरली बहीण, आमची अक्का, १९७८ साली लग्न होऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गेली. तेव्हापासून हा दोरा आमच्या घराच्या उंबऱ्याला बांधलेला आहे.

या वाटेचा आरंभच मोठा इतिहासाचा आहे. मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंतचा लोहमार्ग पोर्तुगीज अमलात, १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर, एका इंग्रजी कंपनीने बांधला. १८८८ साली तो कॅसलरॉकपर्यंत पोहोचला आणि तेथे इंग्रज हद्दीतील सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. एका बाजूला कुळें, दुसऱ्या बाजूला कॅसलरॉक; मधल्या घाटात दोन साम्राज्यांची सीमा. बाबा सांगत, की कुळ्याला पोर्तुगीज जकातदार सामान उघडीत आणि वर गेल्यावर पलीकडचे अधिकारी तेच सामान पुन्हा उघडीत. आईने बांधून दिलेल्या फराळाच्या डब्याचीही दोनदा झडती होई. १९५५ मध्ये गोव्याची कोंडी झाली तेव्हा ही वाट बंद पडली. १९ डिसेंबर १९६१ नंतर मधली सीमा उरली नाही. आज कुळ्याला गाडी थांबते ती झडतीसाठी नव्हे. मागून रेटा देण्यासाठी जादा इंजिने जोडावी लागतात म्हणून.

घाटाचा चढ सदतिसास एक आहे. सदतीस फूट पुढे जाताना एक फूट वर. ऐकताना हे काही विशेष वाटत नाही, पण आगगाडीच्या दृष्टीने ही मोठी चढण होय. गाडी माणसाच्या चालीने चालू लागते. करंझोळ, सोनावळी अशी रानातली छोटी स्थानके येतात. तेथे उतरणारा क्वचितच कोणी असतो. एकामागून एक बोगदे येतात, डब्यातली मुले ओरडून घेतात, आणि एका वळणावर सगळा डबा एकाच बाजूच्या खिडक्यांवर झुकतो. दूधसागर सुमारे तीनशे मीटर उंचीवरून कोसळतो. पुलावरून गाडी जाताना त्याचे तुषार तोंडावर येतात. मी हा धबधबा भर पावसाळ्यात पाहिला आहे आणि चैत्रात खडकावर दोन-तीन पांढऱ्या रेघा उरल्या असतानाही पाहिला आहे. दोन्ही वेळा डब्यात तीच शांतता पसरली होती.

कॅसलरॉकला हवा बदलते. लोंढ्याला पाट्यांवर कानडी अक्षरे दिसतात आणि फलाटावर ‘नीरु’ हा शब्द कानी पडतो. रात्र पडता पडता बेळगाव येते. येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे या गाडीला बेळगावात बहुधा काही जवान चढतात. काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव व क्रमांक. मागच्या खेपेला माझ्या समोरच्या बाकावर चंदगडकडचा एक जवान होता. त्याला पोहोचवायला आलेल्या आईने गाडी हलताना खिडकीतून मला म्हटले, “गुरुजी, लेकराकडं ध्यान ठेवा हं.” मी गुरुजी आहे हे तिने कसे ओळखले, देव जाणे. ‘लेकरू’ सहा फूट उंच होते आणि सीमेवर आपणा सर्वांकडे ध्यान ठेवायला निघाले होते.

मिरजेनंतर झोप लागते. नेमका याच रात्रीच्या टप्प्यात माझ्यासारख्या शिक्षकाला जागे राहावेसे वाटणारा मुलूख आहे. सातारा जिल्ह्यात कोरेगावच्या परिसरात कण्हेरखेड आहे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे मूळ गाव. राणोजी येथूनच बाजीरावांच्या पदरी गेले. पहाटे पुणे येते. शहराच्या वानवडी भागात महादजींची छत्री आहे. १७९४ साली तेथेच त्यांचा अंत झाला. दौंडच्या पुढे श्रीगोंदे लागते, तेही शिंद्यांच्या जहागिरीचे. मग अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर. त्याच जिल्ह्यातल्या चौंडीची मुलगी इंदूरच्या होळकरांकडे गेली आणि अहिल्याबाई म्हणून भारतभर वंदनीय झाली. खुद्द आमच्या गोव्यातूनही या वाटेला लागलेली माणसे आहेत. महादजींचे सेनापती जिवबादादा बक्षी हे पेडण्याकडच्या केरी गावचे केरकर. ज्या अंतराला आज एक झोप पुरते, ते घोड्यावरून तोडून ही माणसे उत्तरेत गेली आणि बहुतेक तिकडचीच झाली.

दौंडला पूर्वी एक गंमत होई. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे तोंड तेथे फिरत असे. इंजिन एका टोकाकडून सुटून दुसऱ्या टोकाला लागे आणि इतका वेळ पुढे पाहत बसलेला प्रवासी एकाएकी पाठमोरा प्रवास करू लागे. १९८० साली बाबांबरोबर मी प्रथम अक्काकडे निघालो तेव्हा गोव्यातून मिरजेपर्यंत मीटरगेज होते. मिरजेला गाडी बदलायची, पुण्याला पुन्हा बदलायची, मग उत्तरेची गाडी. दौंडला गाडी उलटी चालू लागली तेव्हा मी घाबरून म्हणालो, “बाबा, आपण परत घरी चाललो!” बाबा म्हणाले, “गाडी कुठे जाते हे तोंडावरून ओळखायचे नसते. पुढचे स्टेशन कोणते येते ते बघ.” अलीकडे तेथे जोडमार्ग झाल्यामुळे कित्येक गाड्यांना हा फेरा उरलेला नाही.

मनमाड सुटले की उन्हे तापतात आणि काळी जमीन सुरू होते. जळगाव-भुसावळच्या भागात रुळाच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा हिरव्यागार उभ्या असतात. बहिणाबाई चौधरींच्या ओव्यांचा हा मुलूख. भुसावळ ओलांडताच तापीचा पूल येतो, मग रावेर आणि मग बुऱ्हाणपूर. दक्षिणेचा दरवाजा म्हणून याची ख्याती. शाहजहानची बेगम मुमताजमहल १६३१ साली येथेच वारली. सातपुड्याच्या रांगेतली ही खिंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती दक्षिणेची वाट, म्हणून पलीकडे असीरगडासारखा बळकट किल्ला. सदाशिवरावभाऊंची फौज मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघाली ती याच दिशेने बुऱ्हाणपुरावरून नर्मदेकडे, तेथून सिरोंज व ग्वाल्हेरवरून जूनच्या आरंभी चंबळेवर पोहोचली. आपली गाडी तिच्या सगळ्याच मुक्कामांना शिवत नाही, तरी दिशा तीच आहे. इतिहासाच्या तासाला मी मुलांना तारखा सांगतो. पण ज्याने भर दुपारी या गाडीच्या खिडकीतून तो रखरखीत प्रदेश तासन्‌तास सरकताना पाहिला आहे, त्यालाच अडीच-तीन महिने बुणग्यांसह चालणे म्हणजे काय, याची थोडी कल्पना येते. विमान पानिपतावरूनही जात असेल. त्याला पानिपत लागत नाही.

माझा विषय मराठी. त्यामुळे या टप्प्यावर माझा एक खासगी खेळ सुरू होतो. खिडकीशी कान देऊन मी ‘ण’ ऐकत बसतो. गोव्यात चहाला ‘च्या’ म्हणतात, बेळगावात ‘चहा’, पुढे ‘चाय’. तो शब्द बदलतो हे कोणाच्याही ध्यानात येते. पण ‘पाणी’ या शब्दाचे ‘पानी’ नेमके कोठे होते? मनमाडला ‘पाणी’ असते, भुसावळला असते. बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात असले तरी तेथे मराठी सहज कानी येते. खांडव्याला निमाडी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ण आणि ळ अजून शाबूत आढळतात. हरद्यापर्यंत मी कान टवकारून असतो. इटारसीच्या फलाटावर मात्र ‘ठंडा पानी’च्या आरोळीने खेळ संपतो. राज्याची सीमा मागेच पाटीसह येऊन गेलेली असते. भाषेची सीमा अशी पाटी लावून येत नाही; ती शंभर-दोनशे किलोमीटर हळूहळू विरत जाते. हे मला कोणत्याही भाषाशास्त्राच्या ग्रंथापेक्षा या गाडीने अधिक स्पष्ट शिकविले. ज्यांनी नकाशावर रेघा ओढल्या त्यांनी आधी एकदा दुसऱ्या वर्गातून हा प्रवास करावयास हवा होता.

दुपारपर्यंत डबा एक बिऱ्हाड झालेला असतो. माझ्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या चंदगडच्या जवानाकडे गेलेल्या असतात आणि त्याच्या घरची नाचणीची भाकरी माझ्याकडे आलेली असते. पुण्याला चढलेले भोपाळचे एक जोडपे आपली लोणच्याची बाटली पुढे करते. घरात आपण नात्याने बांधलेले असतो, गावात जातीने आणि पैशाने. येथे फक्त उतरण्याच्या स्थानकाने. “तुम्ही कुठवर?” हा या जगातला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर मिळाले की कोणी कोणाला किती वेळ सोसायचे आहे हे ठरते, आणि वेळ ठरलेला असला की माणसे सहसा चांगली वागतात. अडचणी नाहीत असे नव्हे. गर्दी असते, गाडी रखडते, झोपलेल्याच्या उशाशी कोणी मोठ्याने भ्रमणध्वनीवरची गाणी लावतो. वातानुकूलित डब्यात गारवा मिळतो, परंतु काचेमुळे ‘पाणी’ही ऐकू येत नाही आणि ‘पानी’ही. म्हणून प्रकृती साथ देईल तोवर मी साधा शयनयान पत्करतो.

दिवस कलताना इटारसी सुटते आणि नर्मदा येते. नर्मदापुरम, म्हणजे पूर्वीचे होशंगाबाद, येथील पुलावर गाडी चढली की चाकांचा आवाज बदलतो. इतका वेळ पेंगणारी वृद्ध माणसे उठून हात जोडतात आणि नाण्यांचे रुपेरी ठिपके खाली पडताना दिसतात. लगेच बुधनीचा घाट. संधिप्रकाशात सागाचे रान. भोपाळच्या पुढे गाडी कर्कवृत्त ओलांडते. भूगोलाच्या पुस्तकातली ती तुटक रेघ आपण अंधारात केव्हा पार केली हे कळत नाही. झाशीला आता राणी लक्ष्मीबाईंचे नाव स्थानकालाही जोडले आहे. तांब्यांची मनू नेवाळकरांची सून होऊन तेथे गेली आणि जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला धारातीर्थी पडली. ग्वाल्हेरला तिची समाधी स्थानकापासून फार दूर नाही. मध्यरात्र उलटल्यावर मी उतरतो तेव्हा मडगावपासून सुमारे एकोणीसशे किलोमीटर मागे पडलेले असतात.

लष्कर हे नावच बोलके आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास येथे पडली ती उठलीच नाही. तंबूंचे वाडे झाले आणि छावणीचे शहर झाले. भा. रा. तांबे येथलेच राजकवी. ज्या गल्लीत अक्काचे घर आहे तेथे अजून चौकाचे वाडे आहेत, गणपतीत आरत्या होतात आणि दाराशी तुळस असते. तेवढ्या रात्री अक्का जागी असते. दार उघडते, मी चपला काढतो आणि ती विचारते, “पाणी देऊ?” इटारसीला हरवलेला तो ‘ण’ एका घराच्या उंबऱ्याच्या आत अखंड उभा असतो. तो अडीचशे वर्षांपूर्वी तेथे गेला, आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही सरकारी हुकुमावाचून तेथे टिकला. टिकविला तो बायकांनी, स्वयंपाकघरात. अक्काने आपल्या परीने त्यात भर घातली. तिच्या फळीवर अजून गोव्याची सोलां आणि फणसाची साटां असतात, कारण ती मी नेतो. परतताना ती मला मुरैनेची गजक बांधून देते.

२०२० सालच्या मार्चअखेर देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या. त्याच दिवसांत भावोजी गेले. मी मडगावात आणि अक्का लष्करात. मधली सगळी स्थानके जागच्या जागी होती, पण त्यांना जोडणारे काही हलत नव्हते. दूरध्वनीवर ती रडली नाही. “गाडी सुरू झाली की ये,” एवढेच म्हणाली. आगगाडीकडे मी तोवर माझ्या हौसेचा विषय म्हणून पाहत होतो. आमच्यासारख्या विखुरलेल्या माणसांना ती काय आहे, ते त्या दिवसांत कळले.

अक्काचा नातू दहा वर्षांचा आहे. तो ‘पानी’ म्हणतो. शाळा हिंदी-इंग्रजी, खेळगडी हिंदी. आजीचे मराठी त्याला समजते, पण उत्तर हिंदीत येते. घरातली मोठी माणसे त्याला टोकतात. मी शिक्षक असूनही टोकत नाही, कारण टोकलेला शब्द मूल घराबाहेर वापरत नाही. गेल्या मे महिन्यात तो माझ्याबरोबर गोव्याला आला. संध्याकाळी ग्वाल्हेरला बसलो, त्याला वरचा बाक दिला. सकाळी भुसावळच्या फलाटावर केळीवाले, चहावाले, हमाल यांचा एकच गलका चालला होता. तो उठून खिडकीशी आला आणि बराच वेळ ऐकत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मामाआजोबा, इथे तर सगळेच आजीसारखे बोलतात!”

आजीची भाषा ही आजीच्या एकटीची, म्हातारपणाची, एका वाड्यातली अशी काही वस्तू आहे अशी त्या मुलाची समजूत होती. ती ज्या भाषेत बोलते त्या भाषेत भांडणारे, केळी विकणारे, ओझी उचलणारे हजारो लोक आहेत हे त्याला भुसावळच्या फलाटाने सांगितले. मग मनमाड, नगर, पुणे, सातारा, दिवसभर ते लोक संपेनात. संध्याकाळी त्याने खिडकीतून एका विक्रेत्याला हाक मारली, “ओ काका, पाणी आहे का?” ण थोडा अडखळला, पण आला.

विमानाने आला असता तर तो ग्वाल्हेरहून निघून गोव्यात उतरला असता. दोन्ही ठिकाणी काही नातेवाईक, आणि मध्ये ढग. त्याला वाटले असते, की आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आलो. ही बेटे नाहीत, मधली जमीन सलग आहे, हे माणसाला अंतर भोगल्याखेरीज कळत नाही. सहकाऱ्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असेल तर ते हे.

अक्का आता बहात्तर वर्षांची आहे. २०१९ नंतर तिला माहेर घडलेले नाही. गावच्या जत्रेला या वर्षी यायचेच असा तिने हट्ट धरला आहे. मुले म्हणतात, गुडघे दुखतात तर विमानाने जा, तिकीट आम्ही काढतो. ती म्हणते, “विमानाने पोहोचेन रे, पण वाटेत गावे कुठे भेटतात?” अखेर तिचेच खरे झाले. मी आणायला जाणार आहे. आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, त्या सकाळी खिडकी उघडताच रांगेत उभे राहायचे आहे. तिची अट एकच आहे: बाक खालचा हवा, आणि तोही खिडकीकडचा.